शापित घराणं आणि एक राहून गेलेली फिर्याद



मागे महाभारतावर लिहिताना ग्रीक नाटकांचा ओझरता उल्लेख केला होता. तेव्हापासून आमच्या भाचीचा लकडा चालू आहे, "मामा, त्या शापित राजघराण्याबद्दल सविस्तर लिहा ना!" मी काही ग्रीकचा पंडित नाही. बी. ए.ला मराठी आणि इतिहास, नंतर चौतीस वर्षं शाळेत तेच शिकवलं. पण हे घराणं कॉलेजपासून डोक्यात घर करून बसलंय. आमचे एक सर 'शोकांतिका' म्हटलं की चिडायचे. "शोकात्मिका म्हणा! शेवट शोकातच होतो असं कुठंय?" त्यांचा हा आग्रह तेव्हा किरकोळ वाटायचा. आता पटतो. कारण ज्या नाटकांबद्दल आज लिहितोय, त्यांचा शेवट रडण्यात होत नाही, तो एका कोर्टात होतो.

आधी घराणं समजून घेऊ.

मूळ पुरुष टँटॅलस. देवांच्या पंगतीला बसण्याचा मान मिळालेला राजा. देव खरंच सर्वज्ञ आहेत का हे पाहायला त्याने पोटचा मुलगा पेलॉप्स कापून, शिजवून त्यांना वाढला. आपल्याकडे श्रियाळ-चांगुणेची आणि चिलयाची गोष्ट आहे, पण तिथे देव भक्ताची परीक्षा घेतो. इथे माणूस देवाची घेतोय! देवांनी ते ओळखलं आणि पोराला पुन्हा जिवंत केलं. (डिमीटर देवीने नकळत खांद्याचा घास घेतला होता म्हणे, तेवढा खांदा हस्तिदंताचा बसवला.) टँटॅलसला पाताळात कायमचं पाण्यात उभं केलं. प्यायला वाकला की पाणी ओसरतं, फळाला हात घातला की फांदी दूर जाते. इंग्रजीतलं 'टँटलाइझ' हे क्रियापद त्याच्यावरूनच आलं.

पेलॉप्सने एका राजकन्येसाठी रथांची शर्यत जिंकली, तीही सासऱ्याच्या सारथ्याला फितवून. सारथ्याने चाकाची खीळ मेणाची बसवली, सासरा रथाखाली मेला. मग बक्षीस द्यायच्या वेळी पेलॉप्सने त्या सारथ्यालाच समुद्रात ढकललं. बुडता बुडता त्याने घराण्याला शाप दिला. (पेलोपोनीस या ग्रीसच्या दक्षिणेकडच्या द्वीपकल्पाचं नाव या पेलॉप्सवरून पडलं.)

पेलॉप्सचे मुलगे अॅट्रिअस आणि थायेस्टिस. दोघांत राज्यावरून भांडण, त्यात थायेस्टिसने भावजयीला वश केलं. अॅट्रिअसने समेटाचं नाटक करून भावाला जेवायला बोलावलं आणि त्याच्याच मुलांचं मांस त्याला वाढलं. ताट उलथून थायेस्टिसने दुसरा शाप दिला. त्याचा एक मुलगा वाचला, एजिस्थस.

अॅट्रिअसचे मुलगे म्हणजे ट्रॉयच्या युद्धातले अॅगमेम्नॉन आणि मेनेलॉस. मेनेलॉसची बायको हेलन ट्रॉयला गेली, तिला परत आणायला ग्रीकांचं आरमार ऑलिसच्या बंदरात जमलं, पण वारा अनुकूल होईना. ज्योतिष्याने सांगितलं, आर्टेमिस देवीला सेनापतीच्या मुलीचा बळी हवा. अॅगमेम्नॉनने आपली मुलगी इफिजेनिया बळी दिली. वारा सुटला, दहा वर्षं युद्ध झालं, ट्रॉय पडलं. विजयी राजा घरी आला त्या दिवशी राणी क्लायटेम्नेस्ट्राने त्याला न्हाणीघरात कपड्यात गुंडाळून मारलं. तिच्या साथीला होता एजिस्थस. काही वर्षांनी मुलगा ओरेस्टिस परत आला आणि बहीण इलेक्ट्राच्या साथीने त्याने बापाच्या सुडापायी आईला मारलं.

पाच पिढ्या!

ही माणसं खरोखर होऊन गेली का, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारायचे. १८७६ साली हाइनरिक श्लीमनने मायसिनी इथे उत्खनन केलं, तेव्हा सोन्याचा एक मुखवटा सापडला. 'अॅगमेम्नॉनचा मुखवटा' म्हणून तो आजही प्रसिद्ध आहे. पण तो साधारण इ.स.पू. सोळाव्या शतकातला, म्हणजे ट्रॉयच्या युद्धाचा जो काळ मानतात त्याच्याही काही शतकं आधीचा. तेव्हा अॅगमेम्नॉन इतिहासात सापडत नाही. पण त्याच्यावरची नाटकं मात्र पक्की इतिहासात आहेत, साल-तारखेसकट. आणि खरी गंमत तिथेच आहे.

इ.स.पू. ४५८. अथेन्समध्ये डायोनिससच्या वसंतोत्सवात एस्किलस नावाच्या वृद्ध नाटककाराने या घराण्यावर तीन नाटकं ओळीने सादर केली. पहिल्यात अॅगमेम्नॉनचा खून, दुसऱ्यात आईचा खून, तिसऱ्यात ओरेस्टिसचा खटला. त्यांना पहिलं बक्षीस मिळालं. ग्रीक नाटकांची संपूर्ण टिकून राहिलेली ही एकच नाट्यत्रयी, 'ओरेस्टिया' म्हणतात तिला. एस्किलस नुसता लेखणीबहाद्दर नव्हता. इ.स.पू. ४९० च्या मॅरेथॉनच्या लढाईत तो स्वतः लढला होता, त्याचा भाऊ तिथेच पडला. त्याच्या नावाने जो समाधिलेख सांगितला जातो त्यात मॅरेथॉनचा उल्लेख आहे, नाटकांचा नाही!

आता या प्रयोगाच्या तीन-चार वर्षं आधी अथेन्समध्ये काय झालं होतं ते पाहा. अॅक्रोपोलिसशेजारी अॅरिओपॅगस नावाची खडकाळ टेकडी आहे. तिथे जुन्या अधिकाऱ्यांची एक मातब्बर सभा भरत असे. इ.स.पू. ४६२-६१ च्या सुमाराला एफिआल्टिस या पुढाऱ्याने तिचे बहुतेक राजकीय अधिकार काढून लोकांच्या सभेकडे आणि न्यायालयांकडे दिले. सभेकडे मुख्यतः खुनाचे खटले उरले. थोड्याच काळात एफिआल्टिसचाही खून झाला. शहर दुभंगलं होतं. आज याने त्याला मारलं, उद्या त्याचे लोक याला मारणार, अशी हवा. शापित घराण्याची गोष्ट शहराच्या दारात येऊन उभी राहिली होती म्हणा ना.

आणि एस्किलसने काय केलं? त्याने ती पुराणकथा उचलून त्याच टेकडीवर आणून ठेवली.

तिसऱ्या नाटकात आईच्या रक्ताचा वास घेत सूडदेवता (ग्रीकमध्ये एरिनिस) ओरेस्टिसच्या मागे लागतात. तो डेल्फीला अपोलोकडे जातो, कारण आईला मारण्याची आज्ञा अपोलोचीच. तिथून अथेन्सला. अथीना देवी म्हणते, हा निवाडा एकट्याने करण्यासारखा नाही, माझासुद्धा नाही. ती अथेन्सचे नागरिक निवडून अॅरिओपॅगसवर कोर्ट बसवते. फिर्यादी सूडदेवता, बचावाला अपोलो. मतं पेटीत पडतात आणि निघतात समसमान! समान मतं म्हणजे सुटका, हा अथेन्सच्या कोर्टाचा नियमच होता. ओरेस्टिस सुटतो.

संतापलेल्या सूडदेवता सगळ्या देशाला नासवून टाकायला निघतात. अथीना त्यांना हाकलत नाही. समजावते, मान देते, त्याच टेकडीखाली राहायला जागा देते. शेवटी लाल वस्त्रं नेसवून, मशालींच्या उजेडात वाजतगाजत त्यांची मिरवणूक निघते. पुढे त्यांना 'कृपाळू देवता' म्हणू लागले. (ज्या रोगाची धास्ती, त्यालाच आपल्या बायका 'देवी' म्हणत, तसंच हे.)

मला नेहमी वाटत आलंय की शाप हा शब्द आपण फार सैल वापरतो. या घराण्यात आकाशातून काही पडलं नाही. दर वेळी कुणीतरी एकाने ठरवून हात उचलला, आणि टँटॅलस-पेलॉप्स सोडले तर दर वेळी त्याला खात्री होती की आपण न्यायच करतोय. अॅट्रिअसला भावाने फसवलं होतं. एजिस्थसच्या भावंडांना कापलं होतं. क्लायटेम्नेस्ट्राची मुलगी गेली होती. ओरेस्टिसचा बाप गेला होता. ज्याचं दुःख तोच फिर्यादी, तोच न्यायाधीश आणि तोच फाशी देणारा. शाप म्हणतात तो हाच. जनमेजयाचं सर्पसत्र थांबवायला आस्तिक यावा लागला, तो दोन्हीकडचा होता, आई नागकुळातली आणि बाप ऋषी. ग्रीकांनी उलट वाट काढली, दोन्हीकडचे नसलेले लोक बसवले. वाट कोणतीही घ्या, सूड ज्याचा त्याच्या हातातून निवाडा काढून घेतला, की साखळी तुटते.

वर्गात मी हे इथपर्यंत शिकवायचो, आणि घंटा व्हायची.

निवृत्तीनंतर मात्र ही नाटकं भाषांतरातून सावकाश वाचली. आणि एक गोष्ट खटकली ती खटकलीच. इफिजेनियाचं काय?

पहिल्या नाटकात ती रंगमंचावर येत नाही. गावातले म्हातारे तिच्या बळीची आठवण सांगतात. बापाने हुकूम दिला, करडासारखं तिला वेदीवर उचलून धरा आणि तिच्या तोंडाला लगाम घाला. का? तर मरताना तिच्या तोंडून घराण्याला शाप निघू नये म्हणून! केशरी वस्त्र जमिनीवर पडतं, आणि बोलता येत नाही म्हणून ती मारणाऱ्यांकडे एकेकाकडे नुसती बघते. याच लोकांसमोर ती बापाच्या मेजवान्यांत गायलेली असते.

पुढे नवऱ्याला मारल्यावर क्लायटेम्नेस्ट्रा त्याच म्हाताऱ्यांना विचारते की मला हद्दपार करायला निघालात, पण याने पोटची पोर बळी दिली तेव्हा याला का नाही हाकललंत? त्यावर त्यांच्याकडे सरळ उत्तर नाही. दुसऱ्या नाटकात इलेक्ट्रा बळी गेलेल्या बहिणीची एकदा ओझरती आठवण काढते, तेही नाव न घेता. आणि तिसऱ्या नाटकात, जिथे कोर्ट बसलंय, साक्षी आहेत, मतं पडताहेत, तिथे इफिजेनियाचा उल्लेख एकदाही नाही!

सूडदेवतांना विचारलं जातं, क्लायटेम्नेस्ट्राने नवरा मारला तेव्हा तुम्ही तिच्या मागे का नाही लागलात? त्या म्हणतात, नवरा रक्ताचा नातेवाईक नव्हे. ठीक आहे. पण मग अॅगमेम्नॉनने तर रक्ताचीच मुलगी मारली होती! हा उलट प्रश्न त्या कोर्टात कुणीच करत नाही. अपोलोचा युक्तिवाद तर असा की आई ही खरी जनक नव्हेच, बीज बापाचं, आई ते नुसतं सांभाळते. आपल्या मनुस्मृतीतल्या बीज-क्षेत्राच्या चर्चेची आठवण व्हावी असा. अथीनाही आपलं मत ओरेस्टिसच्या पारड्यात टाकते, कारण ती स्वतः आईविना, बापाच्या डोक्यातून जन्मलेली.

हा काही एस्किलसचा विसराळूपणा नव्हे, असं मला वाटतं. अथेन्सच्या कायद्यातच ही फट होती. तिथे खुनाची फिर्याद मेलेल्याच्या जवळच्या पुरुष नातेवाइकांनी करायची, आणि बाईला कोर्टात स्वतः उभं राहता येत नसे, तिच्या वतीने घरातला पुरुष बोलायचा. आता सांगा, मुलीला बापानेच मारलं तर फिर्याद कुणी करायची? आईच्या वतीने कोर्टात कोण जाणार? तोच बाप! क्लायटेम्नेस्ट्राच्या हातातली कुऱ्हाड मला मान्य नाही. पण तिला दुसरं दार कुठलं होतं, हे मी वर्गात कधी विचारलं नाही, याची आज लाज वाटते.

अथेन्समध्येच एकाला मात्र ही गोष्ट स्वस्थ बसू देईना. तो युरिपिडीस. एस्किलसनंतर पन्नास वर्षांनी, इ.स.पू. ४०८ मध्ये त्याचं 'ओरेस्टिस' नाटक आलं. तोवर पेलोपोनीसचं युद्ध वीसेक वर्षं चाललं होतं, ४११ मध्ये अथेन्सची लोकशाहीच काही काळ उलथली गेली होती. या नाटकात क्लायटेम्नेस्ट्राचा म्हातारा बाप टिंडेरिअस नातवाला खडसावतो की आईने गुन्हा केला होता तर तिच्यावर खटला का नाही भरलास? असंच मारत सुटलात तर हे संपणार कधी? एस्किलसच्या तीन नाटकांचं सार म्हाताऱ्याने दोन वाक्यांत सांगितलं. पण युरिपिडीस पुढे असंही दाखवतो की आर्गोसची लोकसभा भरते, वाचाळ वक्ते तिला हवं तसं वळवतात आणि बहीण-भावांना मृत्युदंड होतो. कोर्ट आलं म्हणजे न्याय आलाच असं नाही, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यानंतर नऊ वर्षांनी, ३९९ मध्ये, अथेन्सच्याच कोर्टाने सॉक्रेटिसला विष दिलं.

आणि मग इ.स.पू. ४०५. युरिपिडीस आदल्या वर्षी परक्या मुलखात वारला होता. मागे राहिलेलं त्याचं 'ऑलिसमधली इफिजेनिया' नाटक आता रंगमंचावर आलं, त्या नाटकांना पहिलं बक्षीस मिळालं. इथे ती मुलगी समोर येते आणि बोलते! लग्न ठरलंय असं खोटं सांगून तिला आणलेलं असतं. खरं कळल्यावर ती बापाचे पाय धरते, लहानपणी त्याच्या मांडीवर बसून काय काय बोलायची ते आठवून देते, जगू द्या म्हणते. पुढे सैन्य खवळलेलं पाहून स्वतःहून मरणाला तयार होते. क्लायटेम्नेस्ट्राही तिथे एक जुनी गोष्ट काढते. अॅगमेम्नॉनने तिचा पहिला नवरा मारला होता आणि अंगावरचं तान्हं मूल हिसकावून आपटलं होतं. म्हणजे फिर्यादी एक नव्हे, दोन राहून गेल्या होत्या. ४५८ मध्ये जिच्या तोंडाला लगाम होता, ती ४०५ मध्ये ऑलिसमध्येच उभी राहून बोलली. मधे त्रेपन्न वर्षं गेली. पुढच्याच वर्षी अथेन्सने स्पार्टापुढे शरणागती पत्करली.

हे सगळं वाचताना मला आमची आत्या का आठवत होती, ते आता सांगतो. नात्यातली मंडळी हे वाचतात, म्हणून जपून, पण सांगतो.

आमच्या वडिलांचं आणि काकांचं शेतीवरून बिनसलं होतं, हे घरातल्या मोठ्यांना माहीत आहे. एकदा बांधावर कोयता निघाला होता. मग दावा झाला, तारखा पडल्या, आणि १९७४ साली तडजोड झाली. भाऊ पुन्हा बोलू लागले, दिवाळीला एका पंगतीला बसले. कोर्टाने आमचं घर वाचवलं, हे मी आजही मानतो. सूड थांबला, ही लहान गोष्ट नव्हे.

पण त्या तडजोडीच्या आधी आत्याचं हक्कसोडपत्र झालं होतं. ती माहेरी आली होती. घरात शिकलेला मी एकटा, म्हणून कागद वाचून दाखवायचं काम माझ्याकडे. मी भराभर वाचला आणि म्हटलं, "आत्या, इथे सही कर." ती शाळेत चौथीपर्यंत गेलेली, सही सावकाश करायची. सही झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही. "तुला काय वाटतं, आत्या?" एवढं विचारायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. मी विचारलं नाही. तेव्हा कुणीच विचारत नसे, हे खरं, पण ते उत्तर नव्हे. ऑलिसच्या वेदीभोवती उभे असलेलेही सगळे हेच म्हणाले असतील.

आत्याने कधी शाप दिला नाही. शेवटपर्यंत भाऊबीजेला येत राहिली. म्हणूनच तिची फिर्याद कुठेही नोंदली गेली नाही.

अथीनाच्या कोर्टाला मी कमी लेखत नाही. ते नसतं तर सहावी पिढीही कापाकापीतच गेली असती. फक्त एवढंच वाटतं, की भांडण मिटलं म्हणून आनंदाने मिरवणूक काढताना, खटल्यात जिचं नावच आलं नाही असं कुणी राहिलंय का, हे एकदा मागे वळून पाहावं. युरिपिडीसने पाहिलं. आम्हाला पन्नास वर्षं लागली.

आत्या आता नाही. तिच्या मुलांपैकी कुणी हे वाचत असेल तर, बाबांनो, तो कागद माझ्या कपाटात आहे. पुढच्या महिन्यात गावी जातोय. या. बसून बोलू, आणि या वेळी तुम्ही बोला, मी ऐकतो.

असो. फार लांबण लागली. चू. भू. द्या. घ्या.